माया सोडलेलं चिलखत

गिऱ्हाईक काय मागेल याचा नेम नसतो, हे शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. एकाने पँटच्या चोरखिशात आणखी एक चोरखिसा मागितला होता. एका बाईंनी कुत्र्यासाठी रेनकोट शिवून घेतला होता आणि गळ्याला काचतो म्हणून दुरुस्तीला परत आणला होता. पण गेंड्याची कातडी शिवून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच, आणि तेही घरचं, म्हणजे टाळता न येणारं.

चूक मास्तरांच्या जिभेचीच होती.

त्यांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरलीच नव्हती. तिच्या फ्रॉकची एक बाजू खाली लोंबते हे पहिल्यांदा मास्तरांनाच दिसलं. त्यांनी खालची पट्टी उसवली, पुन्हा घातली, तरी फ्रॉक तिरकाच. तेव्हा ते बायकोला म्हणाले, "कापडात दोष नाही गं." बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांची नजर तपासून तपासून तिची स्वतःची नजर अशी झाली होती की तिच्यापुढून माशीसुद्धा दबकत उडायची. तिने पोरीला पाठमोरी उभी केली, खांद्यांकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

भिंगरीच्या पाठीच्या कण्याला एका अंगाला बाक येत होता. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून समजावलं, "हिचं वाढीचं वय आहे. उंची वाढेल तसा बाकही वाढू शकतो. तो वाढू नये म्हणून हा ब्रेस. झोपताना, शाळेत, सगळीकडे. अंघोळीपुरता काढायचा."

ब्रेस म्हणजे काखेपासून कमरेखालपर्यंत टणक प्लास्टिक, मागे पट्टे. भिंगरीने तो घातला, आरशात पाहिलं आणि नाव ठेवलं, डबा. घरात तेच नाव रुळलं. शाळेत मात्र कुणीतरी खेळताना तिच्यावर आदळलं, आतून ढप्प आवाज आला, आणि वर्गाने दुसरं नाव ठेवलं, पिंप. वर्गाचं बारसं एकदा झालं की ते मोडायला देवही येत नाही.

तेव्हापासून भिंगरीने आपल्यापुरता तोडगा काढला. घरातून निघताना अंगावर डबा, शाळेच्या बाथरूममध्ये शिरली की डबा खेळाच्या मोठ्या बॅगेत, घरी आल्यावर, आई कामावरून यायच्या आधी, पुन्हा अंगावर. आई रोज दारात विचारायची, "डबा घेतलास?" आणि ती म्हणायची, "घेतला." खोटं एक अक्षर नाही. डबा घेतलेलाच होता, खायचाही आणि घालायचाही. शाळेत पोचल्यावर दोन्ही बॅगेत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावले. मग ब्रेस उलटा करून पट्टे पाहिले. मास्तरांनीही पाहिले. वापरलेल्या पट्ट्याला घडी पडते, कड मऊ होते. हे पट्टे दुकानातून आणल्यासारखे कडक होते.

"बाक वाढलाय," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळेपर्यंत असाच वाढला, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

घरी आल्यावर आईने आधी आकाशपाताळ एक केलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. भिंगरी शिलाई मशीनच्या पायाशी बसून होती. मास्तरांना काय बोलावं सुचेना, आणि सुचत नसताना माणूस बोलतो तेच ते बोलले. "लोक बोलणारच, बेटा. आपण ऐकून सोडून द्यायचं. माणसाला गेंड्याची कातडी पाहिजे."

भिंगरीने नाक पुसलं. "मग शिवून द्या. तुम्ही शिंपी आहात ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ!

पोर तेवढ्यावर सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने चित्रच काढून आणलं. चित्रात एक मुलगी, अंगावर राखाडी पत्र्यापत्र्यांचं चिलखत, खांद्यावर मोठी गोल कवचं, कपाळावर शिंग. ही गेंडाराणी. ही सुपरहीरो धडक देऊन भिंती पाडते आणि कुणी नावं ठेवली तर तिला ऐकूच जात नाहीत. शाळेत वेशभूषेचा दिवस येत होता. भिंगरीला गेंडाराणी व्हायचं होतं.

"करू," मास्तर म्हणाले.

"पण एक अट. त्या दिवशी डबा नाही. चिलखताच्या आत डबा घालून कुणी सुपरहीरो होतं का?" आणि मग, वकिलालाही सुचणार नाही अशा गोड आवाजात, "तोवर रोज घालीन. शाळेतपण."

मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "आईला सांगायचं नाही."

झालं. बाप लेकीच्या कटात सामील झाला. पोर मात्र दिलेला शब्द किती पाळत होती ते संध्याकाळी खेळाच्या बॅगेवरून कळायचं. बॅग रोज टम्म फुगलेली. मास्तर ती पाहायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे.

अशात बायकोने आणखी एक सुई टोचली. "अहो, हिचा युनिफॉर्म बघा, गुडघ्याच्या वर चाललाय. आत भरपूर माया ठेवलीय ना तुम्ही? उसवा की."

शिवणीच्या आत, खालच्या दुमडीत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंप्यांकडे माया म्हणतात. पोर वाढली की टाके उसवायचे, माया मोकळी करायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. मुलांच्या कपड्यांना मास्तर इतकी माया सोडायचे की एक फ्रॉक मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे आणि धाकटीकडून पुन्हा मोठीकडे जाऊ शकला असता. गिऱ्हाइकांच्या पोरांची दुमड ते हसत हसत उसवायचे. "वाढली हो ढमाबाई!" असं म्हणायचे.

पण स्वतःच्या पोरीची दुमड उसवायला त्यांचा हात होईना. ती वाढली हे त्यांनाही दिसत होतं. उंची वाढेल तसा बाकही, हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पोर वाढू नये असं कुठल्या बापाला वाटतं? मास्तरांना वाटत होतं, आणि त्याची त्यांना शरम वाटत होती. "बघू," एवढंच ते म्हणाले.

माप घ्यायलाही त्यांनी संध्याकाळची वेळ निवडली, बायको कामावर असतानाची. भिंगरीने डबा काढून खुर्चीवर ठेवला आणि हात पसरून उभी राहिली. प्रत्येक गिऱ्हाइकाला टेप लावताना मास्तर म्हणत, "सरळ उभे राहा." हे वाक्य त्यांच्या तोंडात टेपइतकंच जुनं. लेकीपुढे ते ओठांवर आलं आणि त्यांनी गिळलं. डबा आणल्यापासून ते असंच गिळत होते. छाती, कंबर, मुंढा, पाठ, सगळी मापं त्यांनी मुकाट्याने घेतली.

कामाला सुरुवात झाली ती फजितीने. चपलांचे तळवे ज्याचे करतात तो फोम मास्तरांनी आणला, जाड, राखाडी, हलका. सवयीने तो मशीनखाली सरकवला. मशीन धावली खरी, पण टाक्यांच्या रेघेवर फोम तिकिटासारखा फाटून दोन तुकडे हातात आले.

"बाबा, हा शिवत नाहीत, चिकटवतात," भिंगरी म्हणाली. तिने व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे ती आता तज्ज्ञ होती. "दोन्ही कडांना गोंद लावायचा, थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मग कडेला कड दाबायची. एकदा लागली की सुटत नाही."

"बरं."

"कडेला कड, बाबा. एकावर एक नाही."

"हो गं, कळलं," मास्तर म्हणाले. बडबड्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

मग मात्र काम रंगलं. कापडाच्या कात्रीला फोम दाखवायचाही नाही असा मास्तरांचा दंडक, म्हणून पात्याची सुरी आली. ती दर दोन-चार कापांनी बोथट व्हायची. गाड्यांवर स्टिकर लावणाऱ्या शेजाऱ्याकडून गरम हवेची बंदूक आणली. तिची झळ लागली की फोमला चकाकी यायची, मऊ पडायचा. तो मांडीवर दाबून धरला की थंड होताना तोच बाक धरून राहायचा. खांद्याची कवचं अशी मास्तरांच्या गुडघ्यावर जन्माला आली. पाठीवर पत्र्यावर पत्रे, बाजूला जाड घड्या, खऱ्या गेंड्याला असतात तशा. वरून काळा रंग, तो पुसून चंदेरीचा ओझरता हात. भिंगरीने तारेच्या घासणीने ओरखडे काढले, कारण गेंडाराणी पुष्कळ लढाया लढलेली होती.

फक्त एक गोष्ट मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा केली. ट्रायल दिली नाही. ट्रायल द्यायची तर डबा काढायला हवा, आणि बायको आता कामावरून लवकर येऊ लागली होती. गुपित असलं की धंद्याचे नियम मोडतात ते असे.

वेशभूषेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडून झालं. आई अजून आली नव्हती. भिंगरीने डबा काढला, मास्तरांनी चिलखत तिच्या डोक्यावरून खाली सोडलं, बाजूचे पट्टे लावले आणि दोन पावलं मागे सरले.

चिलखत झकास उभं होतं. पोर कुठे होती हा प्रश्न होता. गळ्यातून फक्त डोळे दिसत होते.

"बाबा?" आतून आवाज आला. भिंगरी आरशाकडे वळली. ती वळली, चिलखत वळलं नाही. तिने आतल्या आत पूर्ण गिरकी घेतली, तरी गेंडा आपला समोर बघत राहिला.

मास्तरांनी टेप काढला. कागदी खाका बरोबर, माप बरोबर, आणि चिलखत मात्र दीड पोरींचं. मग त्यांनी उरलेला एक तुकडा खाक्यावर ठेवून पाहिला आणि कपाळावर हात मारला. खडूची रेघ आत होती आणि काप तिच्या बाहेर, बोटभर. एका तुकड्याला नाही, सगळ्या तुकड्यांना, चारी बाजूंनी. तुकडे कडेला कड चिकटवायचे होते, आत दुमडायला काही नव्हतं, तरी हाताने आपलं काम केलं होतं. रेघेवरून कापायला तो हात कधी शिकलाच नव्हता. जित्याची खोड!

"काय झालं?"

"माया सोडली गेली," मास्तर पडलेल्या आवाजात म्हणाले.

"फोमला?"

"फोमला."

भिंगरीचं तोंड रडवेलं झालं. गोंद सुटणार नव्हता, नव्याने कापायला वेळ नव्हता. मास्तरांनी कापूस आणला, चिंध्या आणल्या, जुनी उशी आणली, आणि लेकीला गादीसारखी भरायला घेतली. कापूस पोटाशी जमा झाला, चिंध्या पायांतून बाहेर आल्या. गेंडाराणीला दिवस गेल्यासारखं दिसू लागलं.

तेवढ्यात दार उघडून आई आत आली. तिने चिलखत पाहिलं, कापूस पाहिला, आणि मग खुर्चीवर ठेवलेला डबा पाहिला. तिच्या नजरेतून काय सुटणार? तिने मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांना वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं.

पण भिंगरी कुणाकडेच बघत नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिने चिलखताचे पट्टे सोडले, कापूस झटकला, डबा उचलला आणि आतल्या खोलीत गेली.

ती बाहेर आली तेव्हा डबा अंगावर होता. "पट्टे ओढ," तिने आईकडे पाठ केली. आईने तोंड उघडलं. मास्तरांनी तिच्या पायावर हलकेच पाय दिला. आईने तोंड मिटलं आणि पट्टे ओढले. मग वरून चिलखत चढलं.

बसलं. कमरेला जरा सैल होतं, तिथला पट्टा एक भोक आत घेतला की झालं. छातीचे पत्रे डब्यावर टेकले तशी खांद्यावरची कवचं ताठ उभी राहिली. भिंगरी आरशाकडे वळली आणि या वेळी गेंडाही वळला. तिने छातीवर मूठ आपटली. नुसत्या फोमचा झाला असता तसा फुसका आवाज झाला नाही. ठण्ण झालं.

"ऐकलंत?" ती म्हणाली. पुन्हा मूठ आपटली. "ऐकलंत, बाबा?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खरं तर डब्यात पडला म्हणायला हवं. पण तो एकाच दिवसापुरता, हेही त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेच्या कडेला उभे होते, बायको शेजारी. स्टेजच्या पायऱ्यांपाशी पोरांची झुंबड होती. त्यात एक दांडगा मुलगा, पिंप हे नाव बहुधा त्यानेच ठेवलेलं. तो भिंगरीपाशी आला, चिलखत बोटाने दाबून म्हणाला, "हॅ, फोम आहे." आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून त्याने एक ठोसा मारला.

"आई गं!" हे भिंगरी नाही, तो ओरडला. हात झटकत नाचू लागला. "आत काय आहे?"

मास्तर पुढे धावणार होते. बायकोने त्यांची बाही धरली.

भिंगरी त्याच्याकडे वळली. मग तिने बाजूचा पट्टा सोडून चिलखताची कड उचलली. पांढरं प्लास्टिक दिसलं, पोरं वाकून बघू लागली. "वरची कातडी आहे," तिने सांगितलं. "खरं चिलखत आत आहे. हे मी रोज घालते."

"रोज?"

"झोपतानासुद्धा."

"मी वाजवू?" एका मुलीने विचारलं. मग दुसरीने. बघता बघता रांग लागली, आणि गेंडाराणी राजासारखी उभी राहून एकेकाला टकटक करू देत होती. रांगेत शेवटी तो दांडगाही होता. त्याने या वेळी एकच बोट वापरलं.

बक्षीस मिळालं नाही. ते वाहतुकीचा सिग्नल होऊन आलेल्या एका मुलाला मिळालं, आणि त्याचा हिरवा दिवा तर लागतही नव्हता. मास्तर घरी येईपर्यंत परीक्षकांच्या नावाने बोटं मोडत होते. भिंगरीला त्याचं काहीच नव्हतं.

परतताना ती पुढे चालत होती. बायकोने हळूच विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना? माया सोडायचं?"

हो म्हणायचा मोह मास्तरांना फार झाला. बायकोच्या नजरेत शहाणं ठरायची संधी काय रोज येते? "नाही गं," ते म्हणाले. "हाताला सवय."

"बरी सवय आहे," बायको म्हणाली, आणि चार पावलं त्यांचा हात धरून चालली.

सोमवारी आईने दारात विचारलं, "डबा घेतलास?"

"खायचा की घालायचा?"

"दोन्ही."

"खायचा बॅगेत, घालायचा अंगावर." त्या संध्याकाळी बॅग चपटी आली. दुसऱ्या दिवशीही चपटीच. चिलखत मशीनशेजारच्या खुंटीवर लटकलं. पिंप हे नाव गेलं नाही, वर्गाची नावं जात नाहीत. पण आता ते पिंपराणी झालं होतं. आठवड्यामागून आठवडे गेले तसे पट्टे मऊ पडले, त्यांना घड्या पडल्या. मास्तर ते रोज बोटांनी चाचपून पाहायचे.

मग तपासणी आली. डॉक्टरांनी फोटो लावला, पट्टी ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं. मास्तर हातातल्या पिशवीचा बंद पिळत होते. बायकोने चष्मा काढला होता, कदाचित बघायलाच नको म्हणून.

"उंची चांगलीच वाढलीय," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी बंद आणखी आवळला.

"आणि बाक जिथल्या तिथे आहे. रेघभरही वाढलेला नाही. असंच चालू दे. ऑपरेशनचं आता डोक्यातून काढून टाका." मग त्यांनी ब्रेस हातात घेतला, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि हसले. "हा लहान झालाय. नवा करायला टाकू. करणाऱ्यांना सांगतो, थोडी जागा ठेवा म्हणून."

"माया," भिंगरीने दुरुस्ती केली.

बायको हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मास्तरांनी पिळलेला बंद सोडून दिला. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. खुंटीवरचा युनिफॉर्म काढला, मांडीवर उलटा घेतला आणि कात्रीच्या टोकाने दुमडीचे टाके एकेक उसवले. आतलं कापड बाहेर आलं, न विटलेलं, गडद, नव्यासारखं. सगळी माया त्यांनी मोकळी केली. "ये गं, घालून बघ," त्यांनी हाक मारली.

भिंगरी आली, स्टुलावर चढली. मास्तर तोंडात टाचण्या धरून खाली बसले, कड धरून गोल फिरू लागले. पोरीची चुळबूळ काही थांबेना. एकदा आरशात बघ, एकदा खिडकीत बघ.

"सरळ उभी राहा," मास्तर टाचण्यांतून म्हणाले.

आणि काय बोललो हे कळल्यावर त्यांचा हात कडेवरच थांबला.

"सरळच उभी आहे, बाबा," भिंगरी वरून म्हणाली. "तुम्ही टाचण्या लावा."